काळच तसा होता?

गेल्या नाताळात आमच्या शेजारी अमेरिकेहून पाहुणे आले होते. थोरल्या कन्येला वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउन विद्यापीठात प्रवेश मिळाल्याची आनंदवार्ता त्यांनी आल्या आल्याच सांगितली. अमेरिकेतील सर्वांत जुने कॅथलिक विद्यापीठ, तेही येशूसंघीयांचे, म्हणून ओटीवर जमलेल्या साऱ्यांनाच घरचे कौतुक वाटले. बोलता बोलता त्या मुलीने सांगितले, की तेथील एका जुन्या इमारतीला आयझॅक हॉकिन्स याचे नाव दिले आहे. हा कोणी संस्थापक नव्हता, देणगीदार नव्हता, की तेथे शिकलेला विद्वानही नव्हता. विद्यालय कर्जात बुडाले होते तेव्हा, १८३८ साली, धर्मगुरूंनी जी २७२ माणसे विकली, त्यांच्या करारातील हे पहिले नाव. ओटीवर क्षणभर कोणी बोलले नाही. मग सारा गाव ज्यांना ‘मास्तर’ म्हणतो ते आमचे वयोवृद्ध निवृत्त मुख्याध्यापक म्हणाले, “काळच तसा होता, बाय. त्या गोष्टी आता कशाला उकरून काढायच्या?” सर्वांनी माना डोलावल्या आणि ताटली पुढे सरकली.

आम्हीही त्या संध्याकाळी गप्प राहिलो. पाहुण्यांसमोर वाद नको, हा एक भाग; मास्तरांविषयीचा आदर, हा दुसरा. परंतु ते वाक्य आमच्या मनातून गेले नाही. मास्तरांचे आम्ही विद्यार्थी आहोत आणि चुकीचे उत्तर पाटीवर तसेच राहू देऊ नये, हे त्यांनीच आम्हाला शिकविले आहे. म्हणून हा उशिराचा प्रतिवाद.

आरंभी एक गोष्ट मोकळ्या मनाने मान्य केली पाहिजे. जॉर्जटाउनची जन्मकथा खरोखरच अभिमान वाटावा अशी आहे आणि तिचे मोठेपण कमी करण्याची आमची इच्छा नाही. १६३४ सालच्या मार्च महिन्यात फादर अँड्र्यू व्हाइट आणि त्यांचे सोबती मेरीलँडच्या किनाऱ्यावर उतरले. इंग्लंडमध्ये ज्यांना उघडपणे मिस्सा करता येत नव्हती अशा कॅथलिकांना येथे आसरा मिळावा, हा बॉल्टिमोरच्या कॅल्व्हर्ट घराण्याचा हेतू होता. १६४९ साली तेथे धर्मसहिष्णुतेचा कायदाही झाला. पण वारे फिरले. १६८९ मध्ये सत्ता कॅल्व्हर्टांच्या हातून गेली आणि १७०४ साली ‘पोपधर्माची वाढ रोखण्यासाठी’ म्हणून जो कायदा झाला, त्याने कॅथलिकांची सार्वजनिक उपासना आणि त्यांच्या शाळा या दोहोंवर बंदी घातली. शाळा चालविणारा धर्मगुरू गुन्हेगार ठरला. ऐपत असलेल्या घरांतील मुलगे गुपचूप समुद्रापार फ्लँडर्समधील सेंट ओमेरच्या येशूसंघीय विद्यालयात पाठविले जात. ऐपत नसलेल्यांची मुले अशिक्षित राहत. आईबापांनी दहा-बारा वर्षांच्या मुलाला जहाजावर बसवायचे आणि तो परतेल तेव्हा तरुण झालेला असेल, किंवा परतणारही नाही, हे मनाशी धरायचे.

अशाच मुलांपैकी एक जॉन कॅरल. जन्म १७३५ चा. सेंट ओमेरला शिकून ते येशूसंघात दाखल झाले. १७७३ साली परमगुरू चौदावे क्लेमेंट यांनी येशूसंघच विसर्जित केला, तेव्हा कॅरल ब्रूजच्या विद्यालयात होते. सरकारी अधिकाऱ्यांनी येऊन ते विद्यालय बंद पाडलेले त्यांनी स्वतः पाहिले. (आपल्याकडील वाचकांना आठवेल, की पोर्तुगीज राज्यात, म्हणजे गोव्यातही, ही गदा त्याआधीच, १७५९ साली, कोसळली होती. त्यापूर्वी वीस वर्षे वसई मराठ्यांच्या हाती गेली होती.) संघ नाही, शाळा नाही, अशा अवस्थेत मायदेशी परतलेल्या या माणसाने अमेरिका स्वतंत्र होताच पहिला विचार केला तो शाळेचा. २३ जानेवारी १७८९ रोजी पोटोमॅक नदीकाठच्या टेकडीवरील जागेचे खत झाले आणि त्याच वर्षी कॅरल अमेरिकेचे पहिले महागुरू नेमले गेले. १७९१ मध्ये उत्तर कॅरोलायनातून विल्यम गॅस्टन नावाचा तेरा वर्षांचा मुलगा दाखल झाला. तो जॉर्जटाउन अकॅडमीचा पहिला विद्यार्थी. १७९२ च्या जानेवारीत वर्ग सुरू झाले.

त्या काळी अमेरिकेत अशा खाजगी अकॅडमी जागोजागी उभ्या राहत होत्या. मॅसॅच्युसेट्समधील अँडोव्हर येथील फिलिप्स अकॅडमी १७७८ ची. तिच्या घटनेत स्पष्ट लिहिले होते, की विश्वस्त आणि शिक्षक प्रॉटेस्टंटच असावेत. (त्याच अँडोव्हरच्या आवारात पुढे निघालेल्या ईशज्ञान विद्यालयातून गॉर्डन हॉल १८१३ साली मुंबईस आले आणि अमेरिकन मराठी मिशनचा पाया घातला गेला. आपल्या मुद्रित मराठीच्या इतिहासाला तो धागा असा जोडलेला आहे.) याउलट कॅरल यांनी आपल्या शाळेचे दार कोणत्याही धर्ममताच्या विद्यार्थ्याला उघडे ठेवले. ज्या समाजाला शंभर वर्षे शाळा नाकारली गेली, त्याने आपली शाळा काढताना सूड घेतला नाही. ही उदारता मोठी आहे. आम्ही ती विसरत नाही.

आता मास्तरांचा प्रश्न. ही शाळा चालत होती कशावर?

मेरीलँडच्या येशूसंघीयांकडे तंबाखू आणि धान्याच्या मोठ्या जमिनी होत्या. व्हाइट मार्श, सेंट इनिगोज, न्यूटाउन, सेंट थॉमस मॅनर ही त्यांतील काही नावे. या जमिनी संतांच्या नावांनी ओळखल्या जात आणि गुलामांच्या हातांनी कसल्या जात. येशूसंघीय परंपरेप्रमाणे शिक्षण विनामूल्य द्यावयाचे होते. शुल्क घेण्याची मुभा अमेरिकेतील येशूसंघीयांना रोमकडून १८३३ साली मिळाली. तोवर विनामूल्य शिक्षणाचे मूल्य कोणी तरी भरतच होते. ज्याची मुले त्या वर्गात कधी बसणार नव्हती, तो ते मळ्यात भरत होता. ‘विनामूल्य’ हा शब्द आम्ही आमच्या संस्थांच्या गौरवग्रंथांत किती सहज वापरतो! या एका शब्दाखाली किती जणांचा घाम दडलेला असू शकतो, याचा विचार जॉर्जटाउनचा इतिहास वाचेपर्यंत आम्हीही केला नव्हता.

आणि हे सारे मुकाट्याने चालले होते असेही नाही. १७९१ साली, पहिला विद्यार्थी आला त्याच वर्षी, एडवर्ड क्वीन नावाच्या माणसाने मेरीलँडच्या न्यायालयात अर्ज केला, की आपली आजी स्वतंत्र स्त्री होती, म्हणून आपल्याला गुलामगिरीत ठेवणे बेकायदा आहे. प्रतिवादी होते फादर जॉन ॲश्टन. व्हाइट मार्शची जमीन तेच पाहत असत आणि अकॅडमीच्या उभारणीतही त्यांचा वाटा होता. १७९४ साली क्वीन जिंकला. एकीकडे लॅटिन आणि ग्रीकचे वर्ग भरत होते, दुसरीकडे त्याच मंडळींतील एका धर्मगुरूविरुद्ध एक बाप्तिस्मा झालेला मनुष्य ‘मी माणूस आहे’ हे न्यायालयात सिद्ध करीत होता. स्वतः कॅरल यांच्या घरीही एक गुलाम सेवक होता. १८१५ साली ते निवर्तले तेव्हा त्यांच्या मृत्युपत्रात त्याच्या मुक्ततेची तरतूद होती. जाता जाता सुचलेली ही मुक्ती जगता जगता का सुचली नाही, असे कोणी विचारले तर आमच्याकडे उत्तर नाही.

१८३८ ची हकिगत जरा सविस्तर सांगावी लागेल, कारण ‘काळ’ या शब्दाआड जे लपते ते तपशिलातच सापडते. फादर थॉमस मलेडी हे १८२९ पासून विद्यालयाचे अध्यक्ष होते. उत्साही, कर्तबगार, बांधकामाची हौस असलेले. त्यांनी इमारती उठविल्या आणि कर्जही उठविले. पुढे ते मेरीलँडचे प्रांताधिकारी झाले आणि अध्यक्षपद फादर विल्यम मॅकशेरी यांच्याकडे आले. गुलाम विकून टाकावेत की मुक्त करावेत, यावर येशूसंघीयांत कित्येक वर्षे खल चालू होता. १८१४ साली ठरावीक मुदतीनंतर सुटका होईल अशा रीतीने त्यांना विकण्याचा ठराव झाला होता, तो १८२० मध्ये मागे घेण्यात आला. म्हणजे मुक्तीचा विचार त्यांना सुचलाच नव्हता असे नाही. सुचला होता, कागदावर आला होता, आणि बाजूला ठेवला गेला होता. अखेर १८३६ च्या शेवटी रोममधील सर्वाधिकारी फादर यान रोथान यांनी विक्रीला संमती दिली, पण अटींवर. कुटुंबे फोडू नयेत. ती माणसे जेथे जातील तेथे त्यांना संस्कार आणि उपासना मिळाव्यात. आणि आलेला पैसा कर्ज फेडण्यात वा रोजच्या खर्चात जाऊ नये.

१९ जून १८३८ रोजी करारावर सह्या झाल्या. खरेदीदार दोघे: लुइझियानाचे माजी गव्हर्नर हेन्री जॉन्सन आणि जेसी बेटी. किंमत १,१५,००० डॉलर. यादीत २७२ नावे, काहींची वये महिन्यांत मोजावी अशी. पहिले नाव आयझॅक, वय ६५. रोख हाती आलेल्या २५,००० डॉलरांपैकी १७,००० डॉलर जॉर्जटाउनच्या कर्जफेडीत गेले. तिसरी अट तेथेच मोडली. नवरा-बायको वेगळ्या मालकांची, आई एका मळ्यावर तर मूल दुसऱ्यावर, अशी ताटातूट झाली. पहिली अट मोडली. लुइझियानात त्यांच्यासाठी प्रार्थनास्थळ आणि धर्मगुरू यांची सोय व्हावयाची होती, ती वर्षानुवर्षे झाली नाही, दुसरीही मोडली. त्या नोव्हेंबरात ‘कॅथरीन जॅक्सन’ नावाचे जहाज अनेक कुटुंबांना घेऊन न्यू ऑर्लिन्सकडे निघाले. काही जण त्याआधीच रानात पळाले होते. न्यूटाउनचे फादर पीटर हॅव्हरमन्स यांनी त्या दिवसांतील आक्रोश पाहून रोमला व्यथित अंतःकरणाने पत्र लिहिले. माणसांचा व्यापार करणाऱ्यांचे काम आपल्याच बंधूंनी केले, असा त्यांचा सूर होता.

आता पुन्हा ते वाक्य घेऊ. काळच तसा होता. कोणाचा काळ? शेजारच्या पेनसिल्व्हेनियाने क्रमाक्रमाने गुलाममुक्तीचा कायदा १७८० सालीच केला होता, म्हणजे जॉर्जटाउनची पायाभरणी होण्याच्याही आधी. क्वेकर पंथीयांनी आपल्या सभासदांना गुलाम बाळगण्याची मनाई केली होती. आयर्लंडचा कॅथलिक पुढारी डॅनियल ओकॉनेल अमेरिकन गुलामगिरीवर जाहीर सभांतून कोरडे ओढत होता. आणि ३ डिसेंबर १८३९ रोजी, विक्रीला दीड वर्षही झाले नव्हते, तेव्हा परमगुरू सोळावे ग्रेगरी यांनी प्रेषितीय पत्राद्वारे गुलामांच्या व्यापाराचा कडक शब्दांत निषेध केला. ख्रिस्तसभेचा सर्वोच्च अधिकारी ज्याला पाप म्हणतो, ते करणाऱ्याला ‘काळ’ कसा सोडवील? ओकॉनेलचा काळ तोच, हॅव्हरमन्स यांचा काळ तोच, एडवर्ड क्वीन तर त्या काळाच्या आधीचा. ज्यांना विकले गेले त्यांचाही तोच काळ होता, आणि ते रानात पळत होते. काळाचे मत विचारायचे, तर ते फक्त विकणाऱ्यालाच विचारायचे, हा कोठला न्याय?

जॉर्जटाउनच्या पहिल्या विद्यार्थ्याकडे पाहा. विल्यम गॅस्टन पुढे काँग्रेसचा सदस्य झाला. विद्यालयाला १८१५ साली पदव्या देण्याची सनद मिळाली ती त्याच्या खटपटीने. तो उत्तर कॅरोलायनाच्या सर्वोच्च न्यायालयाचा न्यायाधीश झाला. कॅथलिकांना सरकारी पदे नाकारणारे त्या राज्याच्या घटनेतील कलम १८३५ च्या परिषदेत बदलून घेण्यात त्याच्या भाषणाचा मोठा वाटा होता. १८३२ साली विद्यार्थ्यांसमोर बोलताना त्याने गुलामगिरी नाहीशी करा, असे सांगितले. १८३४ मध्ये त्याने निकाल दिला, की मालकाच्या माणसाने जीवावर उठल्यास प्रतिकार करणारा गुलाम खुनी ठरत नाही. तरीही गॅस्टनच्या मालकीचे गुलाम होतेच. आम्ही त्याला देव्हाऱ्यात बसवीत नाही. परंतु या एका माणसात दोन्ही गोष्टी होत्या, म्हणजे त्या काळातल्या सुशिक्षित कॅथलिकाला हे पाप आहे हे ठाऊक होते. ठाऊक असूनही केले, हेच त्यातले दुःख. अज्ञान होते असे म्हणण्याची सोय गॅस्टननेच काढून घेतली.

दुसरा युक्तिवाद आमच्या घरांत अधिक प्रेमाने केला जातो. त्या लोकांना निदान श्रद्धा तरी मिळाली, संस्कार मिळाले, धर्मगुरू त्यांच्याशी मायेने वागत. मळ्यांवरील त्या कुटुंबांचे बाप्तिस्मे आणि विवाह नोंदवह्यांत लिहिले जात, हे खरे. आपण धर्मग्रामातील कुटुंबे आहोत. नोंदवहीतल्या एका ओळीचे मोल आपल्याला ठाऊक आहे. कज्जेदलाली झाली, जमिनीचा वारस शोधायचा झाला, तर आपण आधी चर्चच्या कचेरीत धाव घेतो. त्याच वहीत ज्याला देवाचे लेकरू म्हणून लिहिले, त्यालाच दुसऱ्या वहीत किंमत लावून लिहायचे! ज्या हाताने डोक्यावर पाणी घातले त्याच हाताने विक्रीपत्रावर सही केली. संस्काराने ही गोष्ट सौम्य होत नाही, अधिक भयंकर होते. अपरिचिताला विकणे एक, आपल्याच वेदीवर गुडघे टेकणाऱ्याला विकणे दुसरे.

लुइझियानात जिल्ह्यालाच ‘पॅरिश’ म्हणतात. फ्रेंच-स्पॅनिश अमलाची ती आठवण. मेरीलँडच्या धर्मग्रामातून उखडलेली माणसे इबरव्हिल पॅरिश, असेन्शन पॅरिश अशा नावांच्या मुलखात गेली, आणि बहुतेकांना तेथे उसाचे नि कापसाचे मळे मिळाले, धर्मगुरू मिळाला नाही. तरीही त्यांतल्या अनेकांनी श्रद्धा टिकवली. विक्रीच्या वेळी तेरा वर्षांचा असलेला कॉर्नेलियस हॉकिन्स आयुष्यात पुन्हा विकला गेला. मॅरिंग्विन गावच्या चर्चच्या दफनभूमीत त्याची कबर आहे. न्यूयॉर्क टाइम्सच्या रेचेल स्वॉर्न्स यांनी २०१६ मध्ये त्याची आणि त्याच्या वंशजांची कहाणी प्रसिद्ध केली. त्या गावचे कित्येक वंशज आजही कॅथलिक आहेत. ज्यांनी त्यांना विकले त्यांनी दिलेला विश्वास त्यांनी विकला नाही.

तिसरा आक्षेप असा, की या गोष्टी उगाळल्याने ख्रिस्तसभेच्या टीकाकारांच्या हाती कोलीत मिळते. आजूबाजूला आपल्या शाळांकडे वाकड्या नजरेने पाहणारे कमी आहेत का, असे मास्तरच नव्हे, आमचे तरुण मित्रही विचारतात. ही भीती खोटी आहे असे आम्ही म्हणणार नाही. पण पाहा: ही सारी कागदपत्रे येशूसंघीयांनी स्वतः जपून ठेवली होती. करार, याद्या, पत्रे, काही जाळले गेले नाही. येशूसंघीय इतिहासकार फादर थॉमस मर्फी यांनी मेरीलँडमधील गुलामगिरीवर २००१ साली पूर्ण ग्रंथ लिहिला. सत्य कुलपात नव्हते. ते कपाटात होते आणि ते उघडायला कोणी जात नव्हते. दरम्यान त्याच आवारात मलेडी आणि मॅकशेरी यांच्या नावांच्या इमारती दिमाखात उभ्या होत्या. २०१५ च्या नोव्हेंबरात विद्यार्थ्यांनी अध्यक्षांच्या कचेरीबाहेर ठिय्या दिला, तेव्हा ती नावे उतरली. टीकाकाराच्या हाती कोलीत दिले असेल, तर ते त्या पाट्यांनी दिले, इतिहासकाराने नव्हे.

फादर मलेडी यांचे पुढे काय झाले, हेही सांगून टाकू. अटी मोडल्याचा बोभाटा रोमपर्यंत गेला, त्यांना पद सोडावे लागले, काही वर्षे युरोपात काढावी लागली. मग ते परतले, मॅसॅच्युसेट्समधील होली क्रॉस महाविद्यालयाचे पहिले अध्यक्ष झाले आणि १८४५ साली पुन्हा जॉर्जटाउनचे अध्यक्ष! विकणाऱ्याला सात वर्षांत त्याची खुर्ची परत मिळाली. विकल्या गेलेल्यांतल्या तरुणांना गुलामगिरी संपेपर्यंत आणखी पाव शतक थांबावे लागले. म्हाताऱ्यांना तेवढे आयुष्यच नव्हते.

यादवी युद्धात जॉर्जटाउनचे जे आजी-माजी विद्यार्थी लढले त्यांतले बहुसंख्य दक्षिणेच्या, म्हणजे गुलामगिरी राखणाऱ्यांच्या बाजूने लढले. १८७६ मध्ये विद्यालयाने आपले रंग निवडले: उत्तरेच्या गणवेशाचा निळा आणि दक्षिणेच्या गणवेशाचा करडा. भाऊ भावाला भेटला, छान झाले. ज्यांच्यावरून ते युद्ध झाले त्यांच्यासाठी मात्र त्या झेंड्यात एक धागाही नव्हता. आणि हे रंग निवडले गेले तेव्हा अध्यक्षस्थानी कोण होते? फादर पॅट्रिक हिली. जॉर्जियातील आयरिश मळेवाला आणि त्याची गुलाम स्त्री यांच्या पोटी १८३४ साली जन्मलेला हा मुलगा त्या राज्याच्या कायद्याने स्वतः गुलाम होता. १८७३ मध्ये त्यांनी विद्यालयाचा कारभार हाती घेतला. त्यांची मातृवंशाची हकिगत बहुतेकांना माहीत नव्हती. गोरे म्हणून ते वावरले, तसेच वावरणे भाग होते. त्याच १८७३ साली इकडे पुण्यात जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली आणि ती गुलामांना दास्यातून सोडविणाऱ्या अमेरिकेच्या सदाचारी लोकांना अर्पण केली. फुल्यांच्या मनातली ती अमेरिका आणि हिलींना आपली आई लपवावी लागली ती अमेरिका एकच होती. फुले यांना हे कळते तर त्यांनी अर्पणपत्रिका मागे घेतली असती, असे आम्हाला वाटत नाही. पण बहुधा तिच्याखाली एक तिखट अखंड लिहिला असता.

भरपाईविषयीही आम्हाला काही म्हणावयाचे आहे, कारण ‘क्षमा मागितली ना, मग झाले’ असे म्हणणारेही भेटतात. २०१६ मध्ये विद्यापीठाने जाहीर केले, की विकल्या गेलेल्यांच्या वंशजांना प्रवेशात विशेष विचार मिळेल. १८ एप्रिल २०१७ रोजी, पहिल्या विद्यार्थ्याच्याच नावाच्या गॅस्टन सभागृहात, वंशजांच्या समोर येशूसंघाच्या वतीने फादर टिमथी केसिकी यांनी क्षमा मागितली; मिस्सेच्या आरंभी आपण जी पापकबुली देतो तिच्याच धाटणीत, विचारांनी, शब्दांनी, केलेल्या आणि न केलेल्या कृत्यांनी पाप केले, असे ते म्हणाले. त्याच दिवशी इमारतींना आयझॅक हॉकिन्स आणि ॲन मेरी बेक्राफ्ट यांची नावे दिली गेली. बेक्राफ्ट ही जॉर्जटाउन गावातील स्वतंत्र कृष्णवर्णीय कन्या. वयाच्या पंधराव्या वर्षी, १८२० साली, तिने कृष्णवर्णीय मुलींसाठी शाळा काढली आणि पुढे धर्मभगिनी झाली. टेकडीवर मुलग्यांची मोठी अकॅडमी आणि पायथ्याशी या पोरीची शाळा. आम्हाला विचाराल तर त्या वर्षांत ख्रिस्ती शिक्षण खऱ्या अर्थाने कोठे चालले होते, याचे उत्तर पायथ्याशी आहे.

इथवर ठीक. परंतु प्रवेश देणे आणि परतफेड करणे या दोन गोष्टी एक नव्हेत. २०१९ च्या एप्रिलात विद्यार्थ्यांनी मतदान घेतले: प्रत्येक सत्राला प्रत्येकाने २७ डॉलर २० सेंट वंशजांच्या कल्याणासाठी शुल्क म्हणून भरावे. दोनतृतीयांशांच्या आसपास विद्यार्थ्यांनी होकार दिला. विद्यापीठाने ते शुल्क बसविले नाही. त्याऐवजी दरवर्षी ४ लाख डॉलर देणग्यांतून उभारण्याचे जाहीर केले. रक्कम कदाचित सारखीच होईल, पण अर्थ पालटला. शुल्क म्हणजे ऋण. देणगी म्हणजे उपकार. एकोणिसाव्या-विसाव्या वर्षीच्या मुलामुलींना हा फरक कळला आणि विश्वस्तांना कळला नाही, किंवा फार चांगला कळला. येशूसंघीयांनी २०२१ मध्ये वंशजांच्या प्रतिष्ठानासाठी १० कोटी डॉलर उभे करण्याचे वचन दिले आणि २०२३ मध्ये जॉर्जटाउननेही १ कोटी डॉलर दिले. वचन मोठे आहे आणि आम्ही त्याचे स्वागत करतो. १८३८ च्या अटीही कागदावर मोठ्याच होत्या, एवढे मात्र वंशज विसरणार नाहीत आणि त्यांनी विसरूही नये.

हे सारे परक्या देशाचे, आपल्याला काय, असे म्हणता येत नाही. मेरीलँडच्या त्याच प्रांताचे येशूसंघीय पुढे जमशेदपूरला आले; १९४९ मध्ये तेथे निघालेल्या झेवियर संस्थेत आपली कित्येक मराठी मुले शिकली आणि मोठ्या पदांवर गेली. आणि गोव्याच्या पोर्तुगीज अमलात आफ्रिकेतून आणलेले गुलाम घरांत होते तसे मठांतही होते. त्यांची नावे कोणत्या महोत्सवाच्या स्मरणिकेत आम्ही वाचली? आमच्या कपाटात अशा स्मरणिकांची चळत आहे. रौप्यमहोत्सव, सुवर्णमहोत्सव, शताब्दी. पहिल्या पानावर आशीर्वाद, मग संदेश, मग माजी व्यवस्थापकांची छायाचित्रे, मग देणगीदारांची यादी, रकमेच्या उतरत्या क्रमाने. आमची शाळा कोणाला विकून उभी राहिलेली नाही, देवाची कृपा. जॉर्जटाउनशी तिची तुलना करणे त्या २७२ जणांचा अपमान होईल. पण आधी उघडायचे असते ते स्वतःचे कपाट, एवढे आम्ही त्या प्रकरणातून घेतले.

आमच्या गावच्या शाळेचा मोठा महोत्सव आता जवळ आला आहे आणि मास्तर स्मरणिका समितीचे अध्यक्ष आहेत. जुन्या इमारतीच्या पायासाठी ज्या बायांनी डोक्यावरून दगड-रेती वाहिली आणि ज्यांच्या मुली त्या शाळेत कधी बसल्या नाहीत, त्यांची नावे हयात म्हाताऱ्यांना विचारून छापावीत, असे पत्र आम्ही त्यांना दिले. नवी दुपदरी पाने काढावी लागतील, खर्च वाढेल, असे समितीतील एकाने सांगितले. मास्तरांनी पत्र दोनदा वाचले, घडी घालून सदऱ्याच्या खिशात ठेवले आणि विचारले, “त्या आयझॅकचे वय किती होते म्हणालास?” आम्ही म्हणालो, “पासष्ट.” गेल्या रविवारी मिस्सेनंतर ते वही घेऊन वाडीतल्या सर्वांत वृद्ध बाईच्या घराकडे जाताना आम्हाला दिसले.